झाकल्या मुठीतला पेचकस

मित्रांनो, मी एक पेचकस आहे. तुमच्या घरात पंख्याचे आणि सायकलचे स्क्रू पिळायला असतो तसला नव्हे. माझा जन्म एकाच कामासाठी झाला, पिस्तुलाच्या मुठीचे पेच काढायला आणि बसवायला. आता मी म्हातारा झालो आहे आणि थोडा कडू बोलतो. गोड बोलणाऱ्या वस्तू तुम्हाला पुष्कळ भेटतील. जुनी खुर्ची, जुनी छत्री, सगळ्या सांगतील की माणसे किती प्रेमळ असतात. माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो सांगायला मी कोणाला भीत नाही.

एका नेमबाजीच्या क्लबमध्ये मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. जाळीची खिडकी, लाकडी बाक, बाकाला घट्ट बसवलेला, वस्तू पकडून ठेवणारा व्हाइस आणि रॉकेलचा वास. त्या खोलीत क्लबचे मिस्तरी बसत. पिस्तुले साफ करणे, दुरुस्त करणे, खेळाडूंच्या हाताच्या मापाने लाकडी मुठी कोरणे, हे त्यांचे काम. एकदा साध्या पेचकसाने मूठ उघडताना त्यांचा हात सटकला आणि पेचाची खाच खराब झाली. दुसरा कोणी असता तर त्याने पेचाला शिव्या दिल्या असत्या. मिस्तरींनी स्वतःला दिल्या. मग एक झिजलेली कानस घेतली, तापवून नरम केली, घासली, आकार दिला आणि परत तापवून पाणी दिले. हत्याराला पाणी देणे म्हणजे त्याला कडक करणे. झाडाला पाणी दिले की ते वाढते, आम्हाला पाणी दिले की आम्ही वाकत नाही. मी त्या दिवशी जन्मलो.

साध्या पेचकसाचे टोक पाचरीसारखे निमुळते असते, म्हणून ते खाचेतून वर उसळते. माझ्या टोकाच्या दोन्ही बाजू अगदी सरळ. मी खाचेत पूर्ण भरून बसायचो, आणि पेचाच्या डोक्यापेक्षा केसभरही रुंद नव्हतो, म्हणजे शेजारच्या लाकडाला धक्का लागणार नाही. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची. पोलाद आणि लाकूड जिथे मिळतात तिथे मिस्तरींनी एक पितळी कडे चढवले. त्या जागेला ते माझी मान म्हणत. ही मान नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी गोष्ट तिच्यापाशी अडकलेली आहे.

मला एक ताई होती, चार दातांची एक छोटी चावी. पिस्तुलाच्या अंगात एक पोकळ बारीक नळी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. बुश पिस्तुलात घट्ट बसतो आणि मुठीचा पेच त्या बुशात फिरतो. ताईचे काम बुश बसवण्याचे, माझे काम पेचाचे. बुश हलू नये म्हणून त्याच्या बाहेरच्या आट्यांना एक निळे औषध लावत. मिस्तरी त्याला निळा डिंक म्हणत. त्यांचा एकच नियम होता, आणि तो ते दिवसातून दोनदा आम्हाला ऐकवत, आम्ही विसरणार असल्यासारखे. "डिंक बुशला, पेचाला कधी नाही." पेचाला डिंक लावला तर पेच आणि बुश एकमेकांना चिकटतात. मग पुढे पेच फिरवला की बुशही त्याच्याबरोबर पिस्तुलातून सुटतो. दुसरा नियम खास माझ्यासाठी होता. "आधी बसायचं, मग फिरायचं." खाचेत नीट बसल्याशिवाय मी कधी फिरलो नाही. किती माणसांना असे म्हणता येईल?

मिस्तरीणबाईंनी आमच्यासाठी हिरव्या जाड कापडाची एक गुंडाळी शिवली होती. प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा, वर बांधायला नाडी. माझा कप्पा त्यांनी आधी जरा आखूड शिवला. मिस्तरी म्हणाले, ह्याची मान उघडी पडते. बाईंनी तो उसवून परत शिवला आणि वर म्हणाल्या, की माझ्या स्वेटरची बाही दोन वर्षं आखूड आहे, तिच्याकडे मात्र कोणाचं लक्ष नाही. मिस्तरी हसले. स्वेटर आखूडच राहिला.

बावीस वर्षे आम्ही काम केले. लोक लांबून मुठी घेऊन येत. कोणी मला उचलून बघू लागला की मिस्तरी हळूच काढून घेत आणि म्हणत, "हा दुसऱ्याला जमत नाही." मला त्याचा फार अभिमान वाटे. मी मूर्ख होतो. ते वाक्य पुढे आमच्याच गळ्यात येणार, हे ना त्यांना माहीत होते, ना मला.

त्या काळात क्लबमध्ये एक मुलगी येऊ लागली. एका दवाखान्यात रक्त तपासायचे काम करायची आणि संध्याकाळी नेमबाजी. ती डाव्या हाताने नेम धरी, म्हणून सगळे तिला डावरी म्हणत. तयार मिळणाऱ्या मुठी सगळ्या उजव्या हाताच्या. तिला त्या धरता येत नसत, मनगट दुखे. मिस्तरींनी पाच आठवडे खपून तिच्यासाठी डावी मूठ कोरली. ती रोज येऊन धरून बघे आणि सांगे, "काका, करंगळीला अजून टोचतंय." मिस्तरी परत कानस चालवत. शेवटच्या दिवशी तिने मूठ धरली, डोळे मिटले आणि नेम धरल्यासारखा हात लांब केला. मग म्हणाली, की मला हात आहे असं आज पहिल्यांदा वाटतंय. त्या मुठीचे दोन्ही पेच मी बसवले. तिचे गुण वाढत गेले. संघाच्या निवडीपर्यंत तिचे नाव पोचले, आणि मिस्तरी ज्याला त्याला सांगू लागले, की मूठ आमची आहे.

आता मेव्हण्यांची ओळख करून देतो. क्लबचे सेक्रेटरी म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. त्यांचा मेव्हणा आमच्या भांडाराचा प्रमुख होता. सेक्रेटरींचा मेव्हणा म्हणून सगळा क्लब त्यांना मेव्हणेच म्हणे, अगदी शिपाईसुद्धा. त्यांना मेव्हणा न म्हणणारी एकच व्यक्ती, त्यांची बहीण. मेव्हणे वाईट नव्हते. ते उरकणारे होते. काम समोर आले की ते करायचे नसते, उरकायचे असते, अशी त्यांची समजूत. वाईट माणूस निदान विचार करून नुकसान करतो.

निवडीची स्पर्धा आठवड्यावर आली होती. नेमकी तेव्हाच मिस्तरींच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी त्यांनी डावरीचे पिस्तूल तपासले, मूठ हलवून पाहिली, मला खाचेत बसवून फक्त अंदाज घेतला. सगळे ठीक होते. मग आम्हाला गुंडाळीत घालून नाडी बांधली आणि कपाटाची किल्ली मेव्हण्यांकडे दिली. सांगितले, की गुंडाळी सोडू नका, मी दहा दिवसांत येतो.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांनी गुंडाळी सोडली.

स्पर्धेसाठी निशाणांच्या लाकडी चौकटींना पांढरा रंग द्यायचा होता. डब्याचे झाकण निघेना. मेव्हण्यांनी किल्ली लावून पाहिली, चमचा लावून पाहिला, मग त्यांना मी आठवलो. सपाट, मजबूत, हाताशी. त्यांनी मला झाकणाखाली घातले आणि जोर केला. माझ्या टोकाचा एक कोपरा उडाला. झाकण निघाले. मग त्यांनी माझ्यानेच रंग ढवळला, जुन्या वर्तमानपत्राला पुसला आणि परत गुंडाळीत ठेवला. टोक पुसले, दांडा पुसला. माझ्या मानेशी, पितळी कड्याच्या खाली, पांढऱ्या रंगाची एक रेघ राहिली. तिथे सुकली.

तेवढ्यावर भागते तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. सेक्रेटरींनी फर्मान काढले, की सगळी पिस्तुले एकदा तपासून ठेवा. मेव्हण्यांनी डावरीची मूठ हातात घेतली. काही ढिले नव्हते. तरी ते म्हणाले, जरा आवळून ठेवू. मी बसायच्या आतच त्यांनी मला फिरवले. उडालेल्या कोपऱ्याने दगा दिला, मी सटकलो आणि मुठीच्या लाकडावर लांब ओरखडा उठला. तो ओरखडा मीच काढला, हे मी नाकारत नाही. मेव्हणे घाबरले. त्यांनी मूठ उघडून ओरखड्यावर पॉलिश चोळले, परत बसवली, आणि पुन्हा कधी सुटायला नको म्हणून निळा डिंक घेऊन थेट पेचाला लावला.

दुसऱ्या दिवशी पॉलिशचा डाग वेगळाच दिसू लागला, म्हणून त्यांनी मूठ परत उघडायला घेतली. पेच फिरला, आणि त्याच्याबरोबर बुशही पिस्तुलातून बाहेर आला. ताई कप्प्यातून बघत होती. तिला हातात घेऊन बुश वेगळा करून नीट बसवायला हवा होता. पण ती कशासाठी असते, हे मेव्हण्यांना माहीतच नव्हते. त्यांनी तो चिकटलेला जोड तसाच आत फिरवला, वरून फडके मारले आणि काम उरकले.

स्पर्धेला मी नव्हतो. काय झाले ते मला नंतर कळले. पहिल्या वीस गोळ्यांपर्यंत डावरी सगळ्यांच्या पुढे होती. मग मूठ हातात हलू लागली. प्रत्येक गोळीबरोबर बुश थोडा थोडा सुटत होता. तिने हात वर केला, पंचांनी नियमाप्रमाणे थोडा वेळ दिला, पण दुरुस्त करणारा माणूस डोळ्याला पट्टी बांधून घरी बसला होता. तिने ती हलणारी मूठ तशीच दाबून धरून स्पर्धा संपवली. दोन गुणांनी तिचे नाव गेले.

तीन दिवसांनी सेक्रेटरींच्या खोलीत बैठक भरली. टेबलावर काच, काचेवर डावरीची मूठ आणि शेजारी आमची गुंडाळी. टेबलापलीकडे डावरी बसली होती. मिस्तरी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यावर हिरवी झापड होती. मेव्हण्यांनी सांगितले, की शेवटची तपासणी मिस्तरींनीच केली, मी तर गुंडाळीची नाडीसुद्धा सोडली नाही. आणि हळहळत पुढे म्हणाले, की बिचाऱ्यांना मोतीबिंदूमुळे दिसतच नव्हतं.

मिस्तरींनी मुठीवरून बोट फिरवले. ओरखडा लागला. मग त्यांनी मला काढले आणि अंगठ्याने टोक चाचपले. कोपरा उडालेला कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जसा आपल्या लेकराच्या अंगावर कोणी हात टाकल्यावर होतो. त्यांना वाटले, आता सगळे स्पष्टच आहे. त्यांनी माझे टोक ओरखड्यात ठेवले. ते तंतोतंत बसले.

"हा ओरखडा ह्याच पेचकसाचा आहे," ते म्हणाले. "मी ठेवून गेलो तेव्हा टोक शाबूत होतं."

सेक्रेटरींनी शांतपणे विचारले, "पेचकस कोणाचा?"

"माझा."

"दुसरं कोणी वापरतं?"

मित्रांनो, इथे माणूस गप्प बसतो किंवा विचार करतो. पण बावीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली. मिस्तरी म्हणाले, "दुसऱ्याला जमतच नाही तो."

सेक्रेटरी म्हणाले, "मग झालं तर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिस्तरी कितीतरी वेळ सांगत राहिले, की तसं नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं. कोणी ऐकले नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी लोकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली होती. ती माझ्याबद्दल आहे हे मला त्या दिवशी समजले.

पण माझ्या मानेशी पांढरी रेघ होती! मी मनात ओरडत होतो, की मान बघा, कोणीतरी माझी मान बघा. मिस्तरींचा अंगठा एकदा तिच्यावरून गेला, थबकला, पण तेवढ्यात सेक्रेटरींनी मला मागून घेतले आणि टेबलावरून पुढे सरकवले. मी डावरीपुढे आलो.

ती रक्ताच्या काचेवरचा बारीक ठिपका ओळखणारी मुलगी. तिने मला उलटसुलट फिरवले आणि कड्यापाशी थांबली. नखाने रेघ हलकेच खरवडली. नखावरचा पांढरा कण बघितला. मग खिडकीबाहेर रचून ठेवलेल्या पांढऱ्या चौकटींकडे बघितले. मग मेव्हण्यांच्या बुटांकडे, त्यांच्यावर त्याच रंगाचे शिंतोडे होते. तिला कळले. मी शपथेवर सांगतो, तिला सगळे कळले. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हाच सेक्रेटरी बोलले. फार प्रेमाने बोलले. म्हणाले, की मिस्तरींचं वय झालंय, त्यांना आपण सन्मानाने विश्रांती देऊ, बाहेर चर्चा नको. चार महिन्यांनी पुन्हा निवड आहे, क्लबकडून एकच नाव पाठवायचं आहे, आणि ते कोणाचं हे काही सांगायला नको. मग डावरीकडे बघून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. काय?"

डावरीने डावी मूठ मिटली. मी तिच्या मुठीत होतो. माझी मान तिच्या बोटांखाली गेली.

थोड्या वेळाने तिने मला गुंडाळीत ठेवले, मान कप्प्यात पूर्ण आत जाईल असे. आणि मिस्तरींना म्हणाली, "काका, तुमचा डोळा आधी बरा होऊ दे."

मिस्तरी म्हणाले, "होईल गं." त्यांना वाटले, तिला आपली काळजी आहे.

ते गेले तेव्हा त्यांच्या हातात फक्त जेवणाचा डबा होता. हत्यारे क्लबच्या वेळेत बनवली, म्हणून ती क्लबची. गुंडाळी शिवली घरी होती, पण ते कोणाला आठवले नाही. महिन्याभराने ते एकदा भांडाराच्या दाराशी आले. झापड निघाली होती आणि दोन्ही डोळे स्वच्छ होते. मेव्हण्यांना म्हणाले, "पेचकस परत नको मला. फक्त त्याची मान बघू द्या."

मेव्हणे म्हणाले, की कुठे गेला कोणास ठाऊक. तेव्हा मी त्यांच्याच मागे फळीवर, रंगाच्या डब्यात गळ्यापर्यंत बुडालेला होतो. मिस्तरी आल्या पावली परत गेले. ते मला पुन्हा दिसले नाहीत.

पुढची चौदा वर्षे मी रंग ढवळले. पांढऱ्यावर हिरवा चढला, हिरव्यावर लाल, लालवर काळा. नव्या मिस्तरींनी ताईला कधीच कप्प्यातून काढले नाही. चार महिन्यांनी डावरीची निवड झाली. तिने खूप बक्षिसे आणली, ती प्रशिक्षक झाली, आणि सेक्रेटरी गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसली. ती चांगली सेक्रेटरी आहे, हेही मी सांगतो. कोणाच्या मेव्हण्याला तिने कामाला लावले नाही.

क्लबला पन्नास वर्षे झाली तेव्हा तिने जुन्या वस्तूंचे कपाट मांडायचे ठरवले. मला शोधत ती स्वतः भांडारात आली. डब्यातून काढले, रॉकेलमध्ये भिजवले, आणि तीन दिवस थोडे थोडे करून रंग उतरवला. काळा गेला, लाल गेला, हिरवा गेला. पांढऱ्यापाशी ती थांबली. ती बराच वेळ मला धरून बसली होती. मला वाटले, आता ती कोणाला तरी हाक मारेल.

तिने टाचणी घेतली आणि कड्याखालची रेघ कण न कण काढून टाकली.

समारंभाला मिस्तरीणबाईंना बोलावले होते. मिस्तरी जाऊन तीन वर्षे झाली होती. डावरीने भाषण केले. हत्यार जपणे म्हणजे काय हे मी मिस्तरीकाकांकडून शिकले, असे म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपाटात माझ्याखाली पाटी होती, आमच्या निवृत्त मिस्तरींनी घडवलेला पेचकस. निवृत्त! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीच्या दोराला फुलांचा हार.

टाळ्या थांबल्यावर बाई कपाटापाशी आल्या आणि म्हणाल्या, की जरा हातात द्याल का. डावरीने काच सरकवून मला त्यांच्या तळहातावर ठेवले. बाईंनी टोकाकडे पाहिले. उडालेला कोपरा तसाच होता, तो काही कोणाला भरून काढता येत नाही. मग त्यांनी अंगठा माझ्या मानेवरून फिरवला. कड्याभोवती एकदा, मग पुन्हा एकदा. मग मला डोळ्यांजवळ नेऊन बघितले.

"हे शेवटपर्यंत म्हणत होते," त्या हळू म्हणाल्या, "मानेशी काहीतरी खरखरीत लागलं होतं मला, रंग असणार तो. एकदा जाऊन बघ म्हणायचे."

डावरी कपाटातली पाटी सरळ करू लागली.

बाई म्हणाल्या, "इथं तर काहीच नाही गं."

"नाही, काकू," डावरी म्हणाली. "काही नाही."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडी लाज होती, नवऱ्याच्या वतीने, आणि ती मला अजून सोसत नाही. त्यांनी मला परत दिले. जाताना डावरीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, की चूक होते माणसाच्या हातून, तुम्ही तरीही त्यांचं नाव ठेवलंत, उपकार झाले.

मित्रांनो, वस्तू जपा, स्वच्छ ठेवा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला मिळाली तेवढी स्वच्छता कोणाच्या वाट्याला न येवो. माझे एकच मागणे आहे. एखाद्या जुन्या हत्यारावर डाग दिसला, तर तो घासायच्या आधी कशाचा आहे ते विचारा, आणि उत्तर कळले तर मूठ उघडी ठेवा.

मी आता काचेच्या कपाटात असतो. कुलपाची किल्ली डावरीकडेच आहे. रोज सकाळी ती येते आणि मला कोरड्या फडक्याने स्वतः पुसते. मानेजवळ जरा जास्त वेळ.